वणव्याचं रीतसर आमंत्रण

एका जंगलात बोलावल्याशिवाय कोणी कुठेही जात नसे.

मुलांनो, लगेच हसू नका. तुमची आत्या काकाच्या लग्नाला का आली नव्हती, ते आधी आईला विचारा आणि मग हसा.

त्या जंगलात पाणवठ्यावर जायचं तरी कोणीतरी "या की, पाणी प्यायला" म्हणावं लागे. चितळांच्या घरी कार्य असलं की सांबरांना आठवडाभर आधी आमंत्रण जाई. मग पानं वाढली की पुन्हा एकदा कोणीतरी धावत बोलवायला येई. हे दुसरं बोलावणं आलं नाही तर सांबरं भुकेली बसत, पण उठत नसत. अशा उपाशी राहिलेल्या पूर्वजांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात. ऐकणारे माना डोलवत आणि भरल्या पोटी रवंथ करत.

या जंगलात त्र्यंबकराव नावाचे एक सांबर राहत होते. शिंगं मोठी, आवाज घोगरा, मान ताठ. घरात म्हातारे वडील होते. त्यांना सगळं जंगल नाना म्हणे. नानांची शिंगं झिजली होती, पण मान मुलापेक्षाही ताठ होती. ती त्र्यंबकरावांना आली ती काही आभाळातून आली नव्हती.

जंगलाचा राजा होता वाघ. महाराज नदीपलीकडे राहत. जंगलात काहीही पेटलं तरी नदीपलीकडे त्याची झळ पोचत नसे, त्यामुळे महाराजांना जंगलाची अगदी निवांतपणे काळजी करता येई.

एकदा शेजारच्या जंगलात वणवा लागला आणि तिथली राख उडत उडत महाराजांच्या मिशीवर बसली. महाराज शिंकले. लगेच वणवा निर्गमन कमिटी नेमली गेली, आणि तिचे अध्यक्ष म्हणून त्र्यंबकरावांचं नाव जाहीर झालं.

आता रीत अशी होती की अशी बातमी आली की मुलानं आधी बापाच्या पाया पडावं. "नाना, तुमच्या आशीर्वादानं झालं," असं म्हणावं. मग बापानं "माझा कसला आशीर्वाद, तुझीच हुशारी," असं म्हणावं आणि मनातून खूश व्हावं. पण त्र्यंबकरावांना त्या दिवशी इतक्या जणांचे नमस्कार घ्यायचे होते की एक नमस्कार करायचा राहून गेला. नानांना बातमी वानरांकडून कळली. त्यातून नानांनी तरुणपणी दोन वणवे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. मुलगा विचारायला येईल म्हणून ते संध्याकाळपर्यंत करवंदीच्या जाळीच्या तोंडाशी बसले होते. मुलगा आला, पण झोपायला.

त्या दिवसापासून बापलेकांत दोनच वाक्यं उरली. "जेवलात?" आणि "जेवलो."

त्र्यंबकरावांना नाना रुसलेत हे कळत नव्हतं असं नाही. पण अभिनंदन आधी नानांनी करायला हवं होतं, असं त्यांचं मत पडलं. शेवटी अध्यक्ष ते होते.

मग त्र्यंबकरावांनी संकटकाळी प्राणी कसे वागतात याचा सखोल अभ्यास केला. म्हणजे पिंपळाखाली डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा निष्कर्ष तयार होता. प्राणी हा मुळात मूर्ख असतो. आग म्हटलं की तो बेभान होतो, उधळतो आणि एकमेकांना तुडवतो. म्हणून त्याला आगीची बातमी जितकी उशिरा आणि जितकी गोड शब्दांत देता येईल तितकी बरी.

त्यांनी कोणाला काही विचारलं का? छे! अभ्यास करणाऱ्यानं विचारत फिरायचं म्हणजे अभ्यास कसला? विचारलं असतं तर एखाद्या चितळानं खरं सांगितलं असतं, "आम्ही काय हो, शेजारचा काय करतो ते बघतो आणि तेच करतो." पण इतकी साधी गोष्ट कमिटीच्या अहवालात शोभली नसती.

आराखडा झाला. पहिलं कलम टिटवीचं. टिटवी धूर दिसला की ओरडत सुटते, आणि टिटवीचं ओरडणं अशुभ. तेव्हा तिला तोंड उघडायची बंदी झाली. आगीची घोषणा मोर करणार, कारण मोर दिसायला बरा.

दुसरं कलम वाटेचं. जंगलातून नदीकडे दोन वाटा जात. एक खिंड. रुंद, स्वच्छ, तोंडाशी पांगारा फुललेला. दुसरी नाळ. खोल, चिखलाची, वेलींनी भरलेली, आणि तिथून रानडुकरं ये-जा करत. नाळेबद्दल आराखड्यात एकच ओळ होती : प्रतिष्ठित प्राण्यांसाठी अयोग्य.

तिसरं कलम मानाचं, आणि त्यावरच सगळ्यात जास्त बैठका झाल्या. खिंडीतून पहिले जाणार रावसाहेब गवे. गव्यांचं घराणं जंगलातलं सगळ्यात जुनं आणि रावसाहेब त्यातले सगळ्यात वजनदार. ते गेल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही. मग सांबरं, मग चितळं, मग ज्याची त्याची पायरी बघून बाकीचे. शेवटी डुकरं.

थंडी सरता सरता रंगीत तालीम झाली. सकाळची कोवळी उन्हं होती. आग म्हणून एका फांदीला पळसाची फुलं बांधली होती. मोरानं घोषणा केली. त्र्यंबकराव अक्षता घेऊन स्वतः रावसाहेबांच्या दारी गेले आणि वाकून म्हणाले, "रावसाहेब, जंगल पेटलं आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार पळून जाण्याची कृपा करावी."

"आता एवढं घरी येऊन म्हणताय तर," रावसाहेब म्हणाले आणि निघाले. खिंडीच्या तोंडाशी त्यांना हार घातला. ते दोन शब्द बोलले. कोणी कोणाला तुडवलं नाही. पलीकडे आवळ्याबोरांचं जेवण होतं, त्यामुळे पळण्यात उत्साहही होता.

शेवटी गोदाक्का आली. गोदाक्का म्हणजे एक रानडुकरीण, मागे पिल्लांचं लेंढार. तोवर बोरं संपली होती.

"आग लागल्यावर बी हीच रांग व्हय?" गोदाक्कानं विचारलं.

"हीच. शिस्त महत्त्वाची, गोदाक्का."

"मंग माजी पोरं भाजूनच निघायची की! आन् बोरं बी न्हाईत?" ती आगीपेक्षा बोरांसाठीच जास्त भांडली, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो.

नाना तालमीला आले नाहीत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. घरच्याला कसलं आमंत्रण, असा त्र्यंबकरावांनी विचार केला होता. पानं वाढल्यावर तरी कोणीतरी हाक मारायला येईल म्हणून नाना जाळीत कान टवकारून बसले होते. दुपार झाली तसे त्यांनी कान पाडले.

तालीम यशस्वी झाल्याचं महाराजांना कळवण्यात आलं. महाराज म्हणाले, "वा!"

मग चैत्र आला. एका दुपारी पश्चिमेच्या डोंगरावर धूर दिसला.

त्र्यंबकराव पिंपळाखाली बसले होते. नाकाला वास आला आणि पाय आपोआप उठायला लागले. पाय म्हणजे मुलांनो, फार अडाणी वस्तू. त्यांनी आराखडा वाचलेला नसतो. त्र्यंबकरावांनी ते दाबून धरले आणि आजूबाजूला बघितलं.

समोर चितळं चरत होती. त्यातल्या एकानं डोकं वर करून त्र्यंबकरावांकडे बघितलं. अध्यक्ष निवांत आहेत म्हणजे काही नसणार, म्हणून ते पुन्हा चरू लागलं. चितळ चरतंय म्हणजे काही नसणार, म्हणून त्र्यंबकराव पुन्हा रवंथ करू लागले. असे ते दोघे एकमेकांच्या भरवशावर बराच वेळ निवांत राहिले.

"कोणीतरी पाला जाळत असेल," एक सांबर म्हणालं.

"वारा आपल्याकडचा नाहीच," दुसरं म्हणालं. वारा त्याच्या तोंडावर येत होता.

"दरवर्षी असतं हो चैत्रात असं."

तेवढ्यात टिटवीला राहवलं नाही. ती बंदी मोडून ओरडत सुटली. सगळं जंगल एकदम खवळलं. आगीवर नव्हे, टिटवीवर. "मेली अभद्र कुठली! भरल्या दुपारी जंगलाच्या नावानं ओरडतेय!" वानरांनी तिला कच्ची कैरी फेकून मारली. टिटवी उडून गेली, आणि अशुभ टळलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर धूर आत गेला आणि सगळे खोकले.

पाठीवर राख पडायला लागली तेव्हा मोराची शोधाशोध झाली. मोर पिसारा विंचरत होता. तो घाईघाईनं खडकावर चढला.

"आज काही अपरिहार्य कारणामुळे आपल्यात उपस्थित राहू न शकलेले आदरणीय महाराज, सन्माननीय रावसाहेब, कमिटीचे कर्तव्यदक्ष अध्यक्ष, सर्व सदस्य, आणि माझ्या जंगलबंधूंनो आणि भगिनींनो, आपणां सर्वांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की..." इथे मोर अडखळला, पण सवयीनं तोंडातून गेलेला आनंद परत कसा घेणार? तोवर पश्चिमेचा अर्धा डोंगर पेटला होता.

आता सगळे निघाले. खिंडीच्या तोंडाशी आले आणि थांबले. खिंड मोकळी होती. पलीकडे नदी चमकताना दिसत होती. हरणासारख्या चार उड्या मारल्या की पाणी. पण रावसाहेब आले नव्हते. म्हणून सगळे रांगेत उभे राहिले, पोरंबाळं पायांत घेऊन, पाठीवरची राख झटकत. कोणी बेभान झालं नाही. कोणी उधळलं नाही. त्र्यंबकरावांच्या अभ्यासात ज्या मूर्ख प्राण्याचं वर्णन होतं, तसा एक जरी मूर्ख त्या दिवशी वेळेवर निघाला असता तर बाकीचे त्याच्या मागे पळून वाचले असते. पण ती सगळी सुसंस्कृत मंडळी होती.

त्र्यंबकराव धावत रावसाहेबांकडे गेले. रावसाहेब दारातच बसले होते.

"रावसाहेब, चला!"

"चला? असं नुसतं चला?"

"आग लागली आहे हो!"

"दिसतेय. आंधळा नाही मी. पण तालमीला अक्षता घेऊन आलात, आणि खऱ्या आगीला कोरडे हात हलवत? म्हणजे तालीम मोठी आणि आग लहान?"

त्र्यंबकरावांनी इकडेतिकडे बघितलं. अक्षता कुठून आणणार? त्यांनी गवताचं बी ओरबाडलं, पुढे ठेवलं आणि वाकले.

"आणि वरच्या टेकडीवर आमचे मेव्हणे आहेत," रावसाहेब म्हणाले. "त्यांना बोलावलंत का? त्यांना मागे टाकून मी गेलो तर बहीण जन्मभर बोलेल मला."

मेव्हण्यांची टेकडी तेव्हा धडाडून पेटत होती. हे कसं सांगावं याचा आराखड्यात उल्लेख नव्हता.

इतक्यात रावसाहेबांच्या अंगणातूनच गोदाक्का पिल्लांसकट धूम पळत गेली.

"गोदाक्का!" त्र्यंबकराव ओरडले. "तुमचा नंबर शेवटी आहे!"

"म्हून तर निगाले! तुमच्या नंबरानं गेले तर माज्या पोरांचं भरीत व्हईल. आवो, आगीला कुठं आवतान लागतंय व्हय? पळा की!"

तिच्या पायाखाली एक ससा आला. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. गोदाक्का काही शहाणी नव्हती आणि प्रेमळ तर मुळीच नव्हती. तिला आजवर कोणी कधी कुठे बोलावलंच नव्हतं, त्यामुळे बोलावण्याची वाट बघायची सवय तिला लागली नव्हती, एवढंच.

ती नाळेच्या दिशेनं गेलेली त्र्यंबकरावांनी पाहिली, आणि त्यांना एकदम नाना आठवले. नानांची करवंदीची जाळी नाळेच्या तोंडावरच होती.

ते धावले. त्यांच्या मागून मोर आणि कमिटीचे दोन सदस्य धावले, कारण अध्यक्ष जातील तिकडे जायचं एवढंच त्यांना माहीत होतं.

नाना जाळीत पाठ फिरवून बसले होते. त्यांच्या शिंगांवर राख साठली होती. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुसायला त्यांनी मान वळवली नाही. मुलाची चाहूल त्यांना कळली होती. त्यांनी एक खूर हळूच पोटाखाली घेतला, उठायच्या तयारीनं.

त्र्यंबकरावांच्या गळ्याशी शब्द आले होते. "नाना, चुकलं. चला." बस, एवढेच. एरवी ते तासभर बोलत. पण मागे मोर उभा होता, सदस्य उभे होते. सगळ्यांसमोर अध्यक्षानं रडवेलं व्हायचं?

त्यांनी घसा खाकरला. "नाना, कमिटीच्या वतीनं आपणांस विनंती करण्यात येते की..."

नानांनी पोटाखालचा खूर पुन्हा लांब केला.

"कमिटीला म्हणावं, आम्ही ठीक आहोत."

"नाना, आग आली आहे!"

"येऊ दे. ती निदान घरी येते तरी."

हे ऐकून मोर आणि सदस्य पळाले. घरगुती भांडणात पडू नये म्हणतात, आणि त्यातून जाळीच्या मागचं गवत पेटलं होतं. आता बापलेक दोघेच उरले. आता तरी कोणी बघत नव्हतं, नाही का मुलांनो? पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर सुंभ अजून जळायचा होता.

"नाना, हट्ट करू नका."

"मी हट्ट करतोय? तालमीला बोलावलंस मला? सगळ्या जंगलाला आमंत्रण. गव्याच्या दारात अक्षता. आणि बाप?"

"घरच्याला कसलं आमंत्रण?"

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "घरच्याला कसलं आमंत्रण. तू जा."

तेवढ्यात खाली नाळेतून गोदाक्कानं डोकं वर काढलं. एक पिल्लू मागे राहिलं होतं, त्याला न्यायला ती आली होती. तिला नाना दिसले.

"आवो नाना, बसलाय काय? उठा की! नाळंत चिखुल हाय. चिखलात मान खाली घालून बसलं की आग वरनं जाती. या, माज्या मागनं या."

आणि खरं सांगतो, नाना उठले. कितीतरी दिवसांत त्यांना कोणी "या" म्हटलं नव्हतं. एका डुकरिणीचं का असेना, ते बोलावणं होतं. त्यांनी थरथरत एक पाऊल टाकलं. मग दुसरं टाकलं.

"डुकरांच्या नाळेतून?" त्र्यंबकरावांच्या तोंडून गेलं. "नाना, आपल्या घराण्यात आजवर कोणी..."

नाना थांबले. त्यांनी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि बराच वेळ नव्हता.

"खरं आहे," ते म्हणाले. ते परत फिरले आणि आपल्या जागी बसले.

गोदाक्कानं पिल्लू तोंडात धरलं आणि ती खाली गेली. मग करवंदीच्या जाळीनं पेट घेतला. त्र्यंबकराव पळाले. कुठे पळाले? त्यांनी घराण्याला विचारलं नाही. त्यांच्या त्या अडाणी पायांनी त्यांना सरळ नाळेत नेलं. वेलींत शिंगं अडकली, ती त्यांनी हिसडून सोडवली. मानेपर्यंत चिखलात ते बसले, डुकरांच्या मध्ये. गोदाक्काची पिल्लं त्यांच्या पाठीवर चढून बसली. आग वरून गेली.

वरून काही वेळ नानांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला.

तिकडे खिंडीशी रांग अजून उभीच होती. रावसाहेबांच्या शेपटीला आग लागली तेव्हा मात्र त्यांना अक्षतांची आठवण राहिली नाही, मेव्हण्यांचीही नाही. ते अंगणातून उधळले आणि थेट रांगेवरून गेले. चितळं पायाखाली गेली, त्यांची पाडसं गेली, कडेला उभी असलेली भेकरं गेली. खिंडीतून पहिले बाहेर पडले ते रावसाहेबच. म्हणजे मानाचं कलम तंतोतंत पाळलं गेलं. मग वारा फिरला आणि खिंडीत आग शिरली. उरलेले बहुतेक रांगेतच राहिले.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी हत्तींच्या सोंडांतून पाणी पाठवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं ते राखेवर ओतण्यात आलं. मग चौकशी बसली.

चौकशीत असं आढळलं की आराखडा निर्दोष होता. प्राणी तुडवले जातात हा त्र्यंबकरावांचा अभ्यास अक्षरशः खरा ठरला होता, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. दुर्घटनेची कारणं दोन निघाली. एक, टिटवीच्या तोंडाचा अपशकुन. दोन, गोदाक्का. तिनं रांग मोडल्यामुळे जंगलाचं मनोधैर्य खचलं. शिवाय तिची सगळी पिल्लं जिवंत होती, हा तर उघड पुरावा होता. तिला पाणवठ्यावर यायला बंदी झाली. तशीही तिला तिथे कोणी बोलावत नव्हतं.

मग सत्कार झाला. त्र्यंबकराव उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत जागा सोडली नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांना मरणोत्तर शिस्तभूषण ही पदवी मिळाली. अध्यक्ष स्वतः कसे वाचले, हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या पोटाला वाळलेला चिखल चिकटलेला होता, पण सत्काराच्या वेळी पोटाकडे कोण बघतं? मान वर असली की झालं.

नानांचा दहावा नदीकाठी झाला. भाताचा पिंड ठेवला. सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. तुम्हाला माहीतच असेल, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी पुढे होऊन काय ते वचन द्यावं लागतं.

कावळा फांदीवर बसला होता. पिंडाकडे बघत होता. येत नव्हता.

"नाना, आम्ही तुमचं स्मारक उभारू," त्र्यंबकराव म्हणाले. कावळा हलला नाही.

"तुमच्या नावानं दरवर्षी तालीम घेऊ." कावळ्यानं पंख साफ केले.

"खिंडीला तुमचं नाव देऊ." कावळ्यानं मान दुसरीकडे वळवली.

ऊन चढलं. पलीकडे पानं मांडलेली होती आणि मंडळींना भुका लागल्या होत्या. "काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं," कोणीतरी पुटपुटलं. त्र्यंबकरावांना काय राहिलंय ते माहीत होतं. ते पिंडाच्या अगदी जवळ गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि या वेळी धूर नव्हता.

"त्येला म्हना, चुकलं," मागून आवाज आला. गोदाक्का लांब, झुडपाशी उभी होती. "चुकलं, चला नाना, येवढंच म्हना. लई न्हाई लागत."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, मग त्र्यंबकरावांकडे. त्र्यंबकरावांचे ओठ हलले. "ना..." एवढं बाहेर आलं.

"ही कोण?" रावसाहेबांनी जोरात विचारलं. त्यांच्या शेपटीला अजून पाला बांधलेला होता. "हिला कोणी बोलावलंय?"

"नाही, नाही," त्र्यंबकराव घाईनं म्हणाले आणि सरळ उभे राहिले. त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि शास्त्रात काय सोय आहे ते विचारलं.

शास्त्रात सोय होती. ती नेहमीच असते. मोरानं दर्भाचा एक कावळा वळला. त्र्यंबकरावांनी तो पिंडाला लावला. खरा कावळा फांदीवर बसून बघत राहिला. मग कोणीतरी पानं वाढल्याचं बोलावणं घेऊन आलं, आणि मंडळी मानानं, एकामागून एक, जेवायला गेली.

तात्पर्य : संकटात डोकं थंड ठेवावं, घराण्याची वाट सोडू नये आणि न बोलावता पळू नये. जो न बोलावता पळतो, तो फक्त जगतो. जो बोलावण्याची वाट बघतो, त्याच्या नावानं जेवणावळी उठतात.